अफिलिएट कार्यक्रमाच्या नोंदी, चप्पल लाईन, कोल्हापूर

३ जून २०२५

मे संपला. आता घटस्थापनेपर्यंत दुकान थंडच. पावसात कोल्हापुरी कुणी घालत नाही आणि घालूही नये. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं हे चामडं पाणी पितं, तळ फुगतो आणि मग शिवण सोडतो. त्यामुळे मामांच्या वेबसाइटची जी काही मोठी कामं असतील ती याच महिन्यांत उरकायची, असा आमचा रिवाज. यंदाचं काम ठरलं: अफिलिएट कार्यक्रम.

साइट वर्डप्रेसवर आणि त्यावर दुकान चालवणाऱ्या वूकॉमर्सवर चालते. माल मोजकाच: कापशी, कुरुंदवाडी, पुकारी, बक्कलनाळी आणि लहान मुलांची मापं. इन्स्टाग्रामवर जाहिरात लावली की पैसे आधी जातात, चप्पल विकली जावो न जावो. अफिलिएट म्हणजे आपली लिंक लोकांना देऊन गिऱ्हाईक आणणारा, विक्री झाली तरच त्याला कमिशन. त्यात पैसे नंतर जातात. मामांना एवढं सांगितल्यावर ते लगेच म्हणाले, "म्हंजे रिक्षावाला देवळाकडनं गिऱ्हाईक आणून सोडतोय, त्याला आपण देतोय, तसंच की."

"व्हय मामा, तसंच. फक्त हा रिक्षावाला तुम्हाला दिसणार नाही."

"आणि गिऱ्हाईकानं चार दिवसांनी चप्पल परत पाठवली तर? दिलेलं कमिशन कुणाकडनं मागतीस?"

हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. इंटरनेटवर अफिलिएटबद्दल जे वाचायला मिळतं त्यात लिंक कशी बनवायची यावर ढीगभर मजकूर आहे, या प्रश्नावर एखादी ओळ.

१० जून

दर ठरवण्याचा दिवस. मामी वही घेऊन बसल्या, मी लॅपटॉप घेऊन. वहीच आधी उघडली.

एक कापशी जोड धरला. साइटवरची किंमत १,७७० रुपये. त्यात १८ टक्के जीएसटी, म्हणजे मूळ किंमत १,५०० आणि कर २७०. कारागिराचे चामड्यासकट १,०५०. कुरिअर ११०, खोकं २५, पेमेंट गेटवेचे करासकट ४२ च्या आसपास. ढोबळमानाने २७३ रुपये हातात राहतात, आणि त्यातून लाइटबिल, दुकानातल्या पोराचा पगार, साइटचं होस्टिंग.

आता १० टक्के कमिशन दिलं तर १५० गेले, १२३ राहिले. माप चुकलं म्हणून अदलाबदल आली की परतीचं कुरिअर ११० आणि नवा जोड पाठवायचे ११०. म्हणजे त्या विक्रीत आपणच खिशातून घातले. ८ टक्क्यांत १२० जातात, १५३ राहतात, पण एक अदलाबदल झाली तर तेही उणेच. मामी म्हणाल्या, "कमिशन आठ दे नाहीतर दहा, आपल्याला मारतंय ते माप." खरंय. कमिशनच्या टक्क्यावर आम्ही तासभर वाद घालत होतो, आणि खरा आकडा २२० रुपयांचा निघाला.

ठरलं ते असं: सुरुवात ८ टक्क्यांनी. कमिशन कराच्या आधीच्या किमतीवर, कुरिअर धरून नाही. माल पोचल्यावर दहा दिवसांनी कमिशन पक्कं, तोवर ते खात्यात 'प्रलंबित' दिसेल. पैसे परत केले तर कमिशन रद्द. अदलाबदल झाली तर कमिशन राहील, कारण मापाचा तक्ता आपला आहे, त्याचा भुर्दंड अफिलिएटला नको. कॅश ऑन डिलिव्हरीची ऑर्डर गिऱ्हाईकाने दारातूनच परत केली तर अर्थातच काही नाही.

शेवटचा मुद्दा मामांना विशेष आवडला.

१७ जून

तांत्रिक काम. तयार प्लगइन (साइटला जोडायचे छोटे प्रोग्राम) पाहिले, पण एवढ्याशा दुकानाला महिन्याची फी परवडत नाही. शिवाय लागतंय ते थोडकंच: कोण आलं ते ओळखणं, ऑर्डरवर ते नाव टाकणं आणि महिन्याची यादी काढणं. स्वतःच लिहायला घेतलं.

पहिली अडचण कॅशची. पैशांची कॅश नव्हे, आधीच तयार करून साठवलेल्या पानांची. साइट जलद चालावी म्हणून पानं कॅशमधून जातात. लिंकमध्ये अफिलिएटचा कोड असला तरी कॅश केलेलं पान देताना सर्व्हरवरचा प्रोग्राम (पीएचपी) चालतच नाही, मग कुकी, म्हणजे गिऱ्हाईक कुणाकडून आलं याची ब्राउझरात ठेवायची खूण, लावणार कोण? ब्राउझरात जावास्क्रिप्टने लावता येते, पण २०१९ पासून आयफोनचा सफारी ब्राउझर अशा कुकीचं आयुष्य सात दिवसांवर आणतो. आयफोनवाली गिऱ्हाइकं पुण्या-मुंबईची, तीच महागडे जोड घेतात. ती गळून चालणार नाहीत.

उपाय: प्रत्येक अफिलिएटला एक छोटा वेगळा पत्ता. तो पत्ता कॅशच्या बाहेर ठेवला. तिथे आलं की सर्व्हर कुकी लावतो आणि चपलेच्या पानावर पाठवून देतो. हे पाठवणं ३०२ या सर्व्हर-कोडने, म्हणजे तात्पुरत्या पत्ताबदलाने करायचं, ३०१ ने नाही. ३०१ म्हणजे कायमचा पत्ताबदल. ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी आपल्या सर्व्हरला न विचारता परस्पर पुढे जातो, म्हणजे दुसऱ्या खेपेची नोंदच होत नाही. ब्राउझरला 'साठवू नका' असं सांगणारा हेडरही सोबत लावला.

कुकीची मुदत १५ दिवस. ॲमेझॉनचा अफिलिएट कार्यक्रम १९९६ पासून चालू आहे आणि त्यांची मुदत २४ तासांची. त्यांच्याकडे माणूस रोज काही ना काही घेतोच, त्यांना ते परवडतं. आमच्याकडचा माणूस आज बघतो, पगार झाल्यावर घेतो.

दुसरी गोष्ट. बहुतेक मार्गदर्शकांत सांगतात की 'धन्यवाद' पानावर ट्रॅकिंगचा तुकडा टाका. आपल्याकडे निम्मं जग यूपीआयने पैसे देतं. माणूस फोनवर यूपीआय ॲपमध्ये जातो, पैसे देतो आणि तिथूनच व्हॉट्सॲप उघडतो. आपल्या धन्यवाद पानावर तो परत येतच नाही. म्हणून अफिलिएटचं नाव ऑर्डर तयार होतानाच तिच्यावर टाकलं, पैसे आले की नाही ते पेमेंट गेटवे मागाहून सर्व्हरला कळवतो. विक्रीची नोंद आता ब्राउझरच्या मर्जीवर नाही.

२७ जून

सगळं गाव प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीवर बोलतंय. २२ तारखेला त्यांच्या मिलानच्या फॅशन शोमध्ये पुरुषांच्या पायात जे सँडल दिसले ते पापाच्या तिकटीवरचं शेंबडं पोरही ओळखेल. कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. दुकानात टीव्हीवाले येऊन गेले.

साइटवर वाचक प्रचंड वाढले. ऑर्डरी मात्र जेमतेम, कारण लोक बातमी वाचायला येतायत आणि बाहेर पाऊस कोसळतोय. ज्यांना मी महिनाभर निरोप पाठवत होते त्यांच्यातल्या काहींनी आपणहून फोन केले, "आत्ताच लिंक द्या, विषय गरम आहे." दिली नाही. नियमांचं पान लिहून व्हायचंय. शिवाय पावसात विकलेली कोल्हापुरी म्हणजे श्रावणात आलेली तक्रार.

दादा म्हणतो संधी घालवली. असेल.

४ जुलै

इन्स्टाग्रामचा गुंता. रीलखालच्या किंवा बायोतल्या लिंकवर बोट ठेवलं की पान इन्स्टाग्रामच्याच आतल्या ब्राउझरात उघडतं. तिथली कुकी तिथेच राहते. माणूस चप्पल बघतो, बंद करतो, रात्री घरच्यांना दाखवायला क्रोममध्ये साइट उघडतो आणि ऑर्डर देतो. क्रोमला त्या कुकीचा पत्ताच नाही. अफिलिएटने गिऱ्हाईक आणलं, कमिशन शून्य. तो आपल्याला लबाड समजणार आणि त्याचं काही चुकणार नाही.

म्हणून लिंकच्या जोडीला प्रत्येकाला एक कोड, चेकआउटला टाकायचा. दोन्ही असतील आणि वेगवेगळे असतील तर कोड धरायचा. तो माणसाने स्वतः टाइप केलेला असतो.

पण गिऱ्हाईक कोड टाकेल कशासाठी? नेहमीचं उत्तर पाच-दहा टक्के सूट. २७३ रुपयांच्या हिशोबात ती बसत नाही. आणि सूट असली की कोड कूपनच्या साइटींवर जाऊन बसतात. माणूस चप्पल घ्यायचं ठरवूनच आलेला असतो, पैसे भरता भरता 'कूपन' म्हणून शोधतो, आणि ज्याने काही केलं नाही त्याला कमिशन मिळतं. मामींनी तोड काढली: कोड टाकला की जोडासोबत सुती पिशवी मोफत. लक्ष्मीपुरीतून मांजरपाट आणायचा, शिवायचं काम घरीच. कोल्हापुरी प्लॅस्टिकमध्ये कोंडली की बुरशी धरते, तेव्हा पिशवी कामाचीही आहे. आणि पिशवीसाठी कूपनच्या साइटीवर कुणी जात नाही.

१८ जुलै

नियमांचं पान. मराठीतच लिहिलं, कारण ज्यांना घेणार ते सगळे मराठीत लिहिणारे-बोलणारे. वकिली भाषा टाळली. त्यातले तीन मुद्दे इथे टिपून ठेवते, कारण यावर प्रत्येकजण हुज्जत घालणार.

एक, पैसे मिळतात हे सांगायचं. जाहिरात मानक परिषदेची इन्फ्लुएन्सरांसाठीची नियमावली २०२१ पासून आहे, केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्वतंत्र सूचना काढल्या. मजकूर ज्या भाषेत, त्याच भाषेत खुलासा. रील मराठी आणि कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं, असं नको. 'जाहिरात' एवढा एक शब्द सुरुवातीला, दिसेल असा. फसव्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या खेपेला दहा लाखांपर्यंत दंड आहे, आणि तो जाहिरात करणाऱ्यालाही लागू होतो. हे वाचून दाखवलं की हुज्जत थांबते. ज्यांचे ब्लॉग आहेत त्यांनी लिंकला 'स्पॉन्सर्ड' ही खूण लावायची. गूगलने ती सप्टेंबर २०१९ मध्ये आणली, ती अशा लिंकांसाठीच.

दोन, गुण जोडायचे नाहीत. "अंगातली उष्णता जाते", "गुडघेदुखी थांबते", "वॉटरप्रूफ" यातलं काहीही नाही. पहिल्याच मसुद्यात एकाने "पावसातही बिनधास्त" लिहून पाठवलं होतं! जीआयचं बोधचिन्हही परस्पर लावायचं नाही. मानांकन भूभागाच्या मालाला असतं, पण ते वापरायला कायद्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते. ज्या जोडाच्या मागे तशी नोंद आहे त्याच्या पानावर आम्हीच ते लिहू.

तीन, दुकानाच्या नावावर गूगलची जाहिरात लावायची नाही. जो आमचं नाव शोधतोय तो आमच्याकडे येतोच आहे. त्याला मध्येच गाठून कमिशन लावणं म्हणजे दुकानाच्या पायरीवर उभं राहून "मी आणलं" म्हणणं.

६ ऑगस्ट

चाचणीसाठी मोजकी माणसं घेतली. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकातली एक मुलगी, सोलापूरकडची कपड्यांबद्दल रील करणारी, प्रवासावर लिहिणारा एक ब्लॉगवाला, आणि महाद्वार रोडजवळच्या एका लॉजचे मालक. लॉजवाल्यांची कल्पना मामांची. खोलीत क्यूआर कोडचं कार्ड ठेवायचं. देवदर्शनाला आलेल्या माणसाला परतीच्या गाडीत सामान नको असतं, चप्पल घरपोच गेली तर बरंच. लॉजवाले वयाने मोठे, त्यांना मी काका म्हणते. त्यांना लिंक, कुकी काही सांगत बसले नाही. "काका, या कार्डावरनं ऑर्डर आली की तुमच्या यूपीआयवर पैसे."

क्लिकचे आकडे फुगलेले दिसले. व्हॉट्सॲपवर लिंक चिकटवली की खाली चित्र दिसतं ना, ते आणायला व्हॉट्सॲप स्वतः आपल्या पत्त्यावर येऊन जातं. फेसबुकचंही तेच. ती माणसं नव्हेत. त्यांची ओळखपट्टी पाहून ती मोजणीतून वगळली. अफिलिएटला दाखवायच्या पानावर आता क्लिक नाहीतच, फक्त ऑर्डरी: प्रलंबित, पक्क्या, रद्द. रीलवालीला हे आवडलं नाही. तिला क्लिक दाखवून दुसऱ्या दुकानांशी बोलायचं असतं. ते तिचं बरोबर आहे, पण क्लिकला आम्ही पैसे देत नाही.

२५ ऑगस्ट

परवा गणपती. पथकवालीच्या कोडवर कालपासून ऑर्डरींची रांग लागलीय. कुर्ता, फेटा आणि पायात कोल्हापुरी हा पथकाचा पोशाख, आणि विसर्जनापर्यंत हवी म्हणजे हवीच. कापशीची मधली मापं संपली. कारागीर सुभाषनगरात, त्यांच्याकडे पावसामुळे चामडं वाळत नाहीये, हाताचं काम घाई करून होत नाही. साइटवर ती मापं बंद केली आणि तिला फोन करून सांगितलं, "आता कोड देऊ नकोस."

ती म्हणाली, "ताई, असं पहिल्यांदाच कुणीतरी सांगतंय."

माल नसताना लिंक चालू ठेवणं हे अफिलिएट कार्यक्रमातलं सगळ्यात सोपं पाप आहे.

५ सप्टेंबर

जीएसटी परिषदेचा निर्णय आला. २२ सप्टेंबरपासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के. आपले बहुतेक जोड त्यातच बसतात.

१,५०० च्या जोडाची किंमत १,७७० वरून १,५७५ होणार. कमिशन मूळ किमतीवर ठेवलं होतं, त्यामुळे अफिलिएटचे १२० तसेच राहतात. एकूण किमतीवर असतं तर १४१ रुपये ६० पैशांचे १२६ झाले असते, आणि "कर सरकारने कमी केला, पैसे माझे का कापले?" हा फोन मला घ्यावा लागला असता. जूनमध्ये मामींनीच म्हटलं होतं, "कर आपला न्हवं, त्याच्यावर कमिशन कशाला?"

सगळ्यांना एकच निरोप पाठवला: किंमत बदलेल, तुमचे पैसे बदलणार नाहीत, जुनी किंमत लिहिलेले मजकूर २१ च्या रात्रीपर्यंत बदला.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. नव्या किमती पहाटे लावल्या. गावात पाय ठेवायला जागा नाही. लॉजवाल्या काकांचा फोन, कार्डं संपली, अजून द्या. कार्डं लोक घरी घेऊन जातायत म्हणे.

१४ ऑक्टोबर

ज्या ऑर्डरींचे दहा दिवस उलटले त्यांचं पहिलं मोठं वाटप. यादी काढून मामा-मामींपुढे ठेवली आणि चित्र जूनमध्ये वाटलं होतं त्याच्या उलटं निघालं.

रीलवालीच्या ऑर्डरी सगळ्यात जास्त. परतावे आणि अदलाबदलीही तिच्याच सगळ्यात जास्त. रीलमध्ये चप्पल सुंदर दिसते, माप कुठेच येत नाही. ब्लॉगवाल्याच्या ऑर्डरी कमी, पण परत जवळजवळ काही नाही. त्याचा मजकूर काढून वाचला. त्याने लिहिलंय: कागदावर उभे राहा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटरमध्ये मोजा, दोन्ही पाय मोजा, मोठा पाय धरा. पट्टा घट्टच घ्या, चामडं रुंदीला सैल पडतं, लांबीला वाढत नाही. पहिले काही दिवस चावेल, खोबरेल लावा. करकर आवाज हवा असेल तर तसा जोड वेगळा मागा. एवढं वाचून जो ऑर्डर देतो तो चप्पल परत कशाला पाठवेल!

मामा यादीकडे बघून म्हणाले, "हा ब्लॉगवाला दुकानात बसवायच्या लायकीचा हाय."

त्यावरून दराची नवी रचना. सगळीकडे जास्त विक्रीला जास्त टक्के असतात. आपण तसं करायचं नाही. ज्याच्या ऑर्डरींत अदलाबदल आणि परतावा नगण्य, त्याला १० टक्के. त्याच्या जोडामागे आपल्याकडे १२३ राहतात आणि ते तसेच राहतात. बाकीच्यांना ८. दर तीन महिन्यांनी बघायचं. रीलवालीला फोन करून हिशोब समोर मांडला. आधी चिडली, मग म्हणाली, मापाची एक रील करून बघते. कारागिराच्या हातात पट्टी दाखवते म्हणाली. तिला सुभाषनगरात न्यायचं कबूल केलंय.

एक ऑर्डर अडवून ठेवलीय. एकाने स्वतःच्याच कोडवर स्वतःच्याच पत्त्यावर जोड मागवलाय. नियमांत हे लिहिलं नव्हतं. या वेळी देऊन टाकायचं, पुढे पत्ता आणि फोन नंबर जुळला तर कमिशन नाही. लॉजवाल्या काकांनी नातवासाठी घेतला, तेही यात येतात, पण काकांना चप्पल तशीच द्या असं मामांचं म्हणणं. ते खातं वेगळं.

१२ नोव्हेंबर

दिवाळी उरकली. सीएकडे बसून कराचं समजून घेतलं. कमिशनवर कलम १९४एच, म्हणजे कमिशन देतानाच कर (टीडीएस) कापून ठेवायचा. ऑक्टोबर २०२४ पासून दर २ टक्के, आणि एप्रिल २०२५ पासून एकाच माणसाला वर्षात २०,००० च्या वर गेलं तरच कापायचं. मामांची एकट्याच्या मालकीची पेढी, गेल्या वर्षीची उलाढाल एक कोटीच्या आत, म्हणून सध्या कापायची जबाबदारीच नाही. तरी पॅन आत्ताच घेऊन ठेवायचा. उद्या मर्यादा ओलांडली आणि पॅन नसला तर २० टक्के कापावे लागतात. पॅनचे फोटो व्हॉट्सॲपवर पडून राहू द्यायचे नाहीत, साइटच्या डेटाबेसमध्येही नाहीत. मामींच्या वहीत.

आणखी अर्ज आलेत. बहुतेकांना आधी मोफत जोड हवाय. त्यावर उत्तर ठरलंय: जोड मूळ किमतीला घ्या, पहिल्या दहा पक्क्या ऑर्डरींनंतर ते पैसे परत. अर्धे तिथेच गळतात.

मापाची रील कालच आली. साधीच आहे, कारागिराचे हात आणि पट्टी. परतावे कमी झाले का ते डिसेंबरच्या यादीत कळेल. तोवर मुलांच्या मापांचा तक्ता नव्याने करायचा आहे. त्यात वयाचा रकाना आहे, तो काढून सेंटिमीटर टाकायचे.